खेळाचा शनिवार
(वराळे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कुटुंबातील सुसंवाद’ असा विषय दिला होता. मी बँकेत लिपिक आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एवढा मोठा विषय पेलायचा नाही, म्हणून त्यातला माझ्या आवाक्यातला एक कोपरा मी निवडला आहे. घरातल्या सर्वांनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून एकत्र बसावे आणि खेळावे. पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, सोंगट्या, काहीही. एवढेच मला सांगायचे आहे. मागच्या रांगेत कोणी हसले. हसा, हरकत नाही. पण पुढे पैशाची गोष्ट येणार आहे, तेवढी ऐकून घ्या.

आपले वराळे कसे होते आणि कसे झाले हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. इंद्रायणीकाठचे भातशेतीचे गाव. आता एका बाजूला एमआयडीसी, एका बाजूला कॉलेजे, आणि मध्ये गुंठ्या-गुंठ्याने विकले गेलेले प्लॉट. आपल्या घरांतही तसेच झाले आहे. वडिलांची या आठवड्यात पहिली शिफ्ट, पुढच्या आठवड्यात तिसरी. मोठी मुलगी सकाळची लोकल धरून पुण्याला जाते. मुलगा अभ्यासिकेत. आई कामावरून येऊन स्वयंपाकाला लागते. जेवायला सगळे एका वेळी बसतीलच असे नाही, आणि बसले तरी प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल. कोणी कोणाशी भांडत नाही, हेही खरे. भांडायलाही समोरासमोर यावे लागते.

आता पैशाची गोष्ट. काही काळापूर्वी एक बाई पासबुक भरून घ्यायला आल्या. नाव-गाव सांगणार नाही. ग्राहकाची गोष्ट काउंटरबाहेर न्यायची नाही हा आमच्या पेशाचा पहिला नियम आहे. पासबुक छापून झाले, त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “दादा, हे इतकं काय लिहिलंय?” एकाच तारखेला वीस-बावीस नोंदी. पन्नास, शंभर, पन्नास, दोनशे, पाचशे. मध्येच कुठे तीनशे जमा. पुन्हा पाचशे. खाते मुलाबरोबर जोडखाते होते. मुलगा कंत्राटावर कामाला, घरात शांत, व्यसन नाही, रात्री आपला खोलीत झोपलेला. तो मोबाईलवर पैशाची रमी खेळत होता. घरातली चार माणसे भिंतीपलीकडे होती आणि एकालाही पत्ता नव्हता. आमच्या काउंटरवर बसणाऱ्या कोणालाही विचारा, अशा नोंदी असलेली पासबुके त्याने छापली आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना त्यात बंदी आहे, आणि अशा खेळांसाठी बँकांनी पैशाचे व्यवहार करू नयेत असेही त्यात आहे. कायदा हवाच होता. पण जुगाराविरुद्ध कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, आणि जुगार काही गावातून गेला नाही. मुलाला खेळायची हौस असते, जिंकायची हौस असते, कोणीतरी समोर हवे असते. ते घरात मिळाले नाही तर तो दुसरीकडे शोधतो, आणि दुसरीकडे पैसे मोजावे लागतात. माझे म्हणणे एवढेच की ही हौस घरात भागवू या, आणि फुकटात भागवू या.

यावर आपल्या समाजातल्या ज्येष्ठांची पहिली हरकत मला ठाऊक आहे. पत्ते म्हणजे जुगार. घरात पत्ते आले की घर बसले. ही हरकत खोटी नाही. आपल्या वस्त्यांनी पत्त्यांपायी आणि मटक्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली आहेत. पण जुगार आणि खेळ हा फरक अडीच हजार वर्षांपूर्वीही लोकांना कळत होता. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला संपत्तीच्या नाशाची दारे सांगितली, त्यांत जुगार आहे. जुगाराचे सहा तोटे तिथे मोजून दिले आहेत. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेला पैसा जातो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र-आप्त त्याला तुच्छ लेखतात, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. ही यादी वाचताना मला त्या पासबुकाची आठवण होते. याच दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात खेळांचीही लांबलचक यादी आहे. आठ-आठ आणि दहा-दहा घरांचे पट, पट न मांडता मनातल्या मनात खेळायचा खेळ, फासे, कोलांट्या, खेळण्यातल्या गाड्या आणि धनुष्ये. पण ती यादी लोकांच्या दानावर जगणाऱ्या श्रमणांनी वेळ कशात घालवू नये यासाठी आहे. आपण नोकरीधंदा करणारी, पोरेबाळे असलेली माणसे आहोत.

ज्यांचे अजिंठ्याला जाणे झाले असेल त्यांनी २ क्रमांकाचे लेणे पाहिले असेलच. तिथे विधुरपंडित जातकाची चित्रे आहेत. पुण्णक नावाचा यक्ष राजाला फाशांच्या खेळात ओढतो, राजा हरतो आणि आपला शहाणा अमात्य विधुर घालवून बसतो. त्याच कथेच्या चित्रांत नागकन्या इरंदती झोक्यावर बसलेली आहे. झोकाही खेळच आणि फासेही खेळच. चित्रकाराने दोन्ही रंगवले. झोक्यावर कोणी काही पणाला लावलेले नाही, एवढाच त्यात फरक. म्हणून आमच्या घरचा पहिला नियम: पैसा नाही. एक रुपयासुद्धा नाही, चॉकलेटसुद्धा नाही. गुण वहीत लिहायचे आणि वही मिटायची.

दुसरी हरकत अभ्यासाची. आपल्या घरांत ती फार जोरात असते आणि तिला कारणही आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शिकून नोकरीला लागलेली ही पहिली नाहीतर दुसरी पिढी. मुलगा पाच मिनिटे रिकामा दिसला की आपण बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला देतो. दाखला जरूर द्यावा. पण त्याच बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात, उतारवयात, व्हायोलिन शिकायला घेतले होते हेही मुलांना सांगावे. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांतून दीड तास मागतो आहे मी. बँकेचा माणूस आहे, हिशोब करूनच मागतो.

आता प्रत्यक्ष कसे करतो ते सांगतो. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे शनिवार ठरला. तुमच्याकडे ज्याची सुट्टी गुरुवारी त्याचा गुरुवार. वार कोणता याला महत्त्व नाही, तो बदलू नये याला आहे. ‘सवड मिळाली की खेळू’ असे म्हटले की ती सवड दिवाळीपर्यंत मिळत नाही. रात्री आठ ते साडेनऊ. मोबाईल कपाटावर. तिसऱ्या शिफ्टला जाणारा असेल तर त्याच्यासाठी सातला सुरू. पाहुणे आले तर पाहुणेही पटावर.

आणि एक गोष्ट मी जोर देऊन सांगणार आहे, कारण ती चुकली तर बाकी सगळे फुकट. घरातली बाई खेळायला बसली पाहिजे. पुष्कळ घरांत कुटुंबाने एकत्र खेळायचे म्हणजे बाप आणि मुले कॅरमभोवती, आणि आई आतून भजी तळून पाठवते. त्याला कुटुंबाचा खेळ म्हणू नये. आमच्याकडे शनिवारी रात्री खिचडी नाहीतर सकाळचीच भाजी-भाकरी. हरेल त्याने भांडी घासायची असा नियम मुलांनी सुचवला होता. लागोपाठ दोन शनिवार आमच्या सौभाग्यवतीच हरल्या. त्या काही कच्च्या खेळाडू नाहीत. मुलांनी भांडी घासलेली त्यांना बघवेना, म्हणून त्या हरत होत्या. तेव्हा हरण्या-जिंकण्याचा आणि भांड्यांचा संबंध तोडला आणि पाळी लावली. या पाळीत माझाही वार आहे. बायकांकडून टाळ्या आल्या, त्याबद्दल आभार.

खेळ कोणते, असे विचाराल तर विकत आणण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्या आईने पहिल्या शनिवारी खडूने फरशीवर पाच बाय पाचची चौकट आखली. या खेळाला कोणी चल्लस-आठ म्हणतात, कोणी अष्टचंग. कवड्या नव्हत्या, तर तिने चिंचोके खरबरीत दगडावर घासून दोन फाकी केल्या. एक बाजू पांढरी, एक काळी, झाले फासे तयार. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. बाहेरच्या घरांतून फेरा पुरा करायचा, आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही. खर्च शून्य. इंग्रजांनी आपल्या पचिशीवरूनच लुडो बनवला आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले. मोक्षपटाची सापशिडी झाली तीही त्याच सुमारास. आपण ते परत पुठ्ठ्याच्या डब्यात विकत आणतो.

विद्यार्थ्यांनी इथे एक गंमत करून पाहावी. चार फाकी सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांपैकी दोनाचे दान सहा तऱ्हांनी येते, एकाचे चार, तिनाचे चार, आणि चाराचे व आठाचे प्रत्येकी एकाच. म्हणजे ‘आज मला आठ पडतच नाही’ असे रडणाऱ्याचे नशीब फुटके नाही, सोळात एकदाच यायचे ते. आता शंभर वेळा टाकून वहीत नोंद करा. हिशोबाप्रमाणे येते का पाहा. येणार नाही, कारण चिंचोका काही नाणे नव्हे, त्याची एक बाजू फुगीर आहे. का येत नाही ते तुमच्या सरांना विचारा. बारावीला संभाव्यता शिकवायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मला माहीत नाही.

पत्त्यांत लहान मुलांसाठी बदाम सात आणि गुलाम चोर, मोठ्यांसाठी मेंढीकोट. मेंढीकोट मला आवडतो तो जोडीदारीमुळे. समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे, दश्श्या धरायच्या, आणि बोलून खूण करायची नाही. आजी आणि नातू जोडीला आले की पाहावे. एरवी ‘जेवलास का’ यापलीकडे ज्यांचे बोलणे होत नाही, ती दोघे एकमेकांच्या चेहऱ्यावरून हुकूम ओळखू लागतात. कॅरमला थोडे पैसे पडतात, पण एक बोर्ड वीस वर्षे टिकतो. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. राणी घेतली तरी तिच्यामागून आपली एक सोंगटी घालवावी लागते, नाहीतर राणी परत. फुकट काही नाही हे त्या बोर्डावर लवकर कळते.

लहानांना मुद्दाम जिंकू द्यायचे नाही. त्यांना ते कळते आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा उघड सवलत द्यावी. कॅरमला मोठ्याने डाव्या हाताने खेळावे, बुद्धिबळात वजीर काढून ठेवून खेळावे. मग मूल जिंकले तर ते जिंकलेले असते.

पण माझा आवडता खेळ ‘व्यापार’. पेशाचा परिणाम म्हणा. बँक मी घेत नाही, धाकट्याला देतो. पाचशेच्या नोटेची मोड देताना त्याची वजाबाकी पक्की झाली. या जातीच्या खेळाची मूळ कल्पना एका अमेरिकन बाईची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लिझी मॅगी असे त्यांचे नाव. १९०४ मध्ये त्यांना ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळाले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडे भरणारे कसे कंगाल होतात हे लोकांना खेळातून कळावे हा त्यांचा हेतू होता. त्यांनी दोन तऱ्हेचे नियम ठेवले होते, एकात सगळ्यांची भरभराट व्हायची आणि दुसऱ्यात एकाची. जगाने दुसरा उचलला. प्लॉटच्या दरांच्या गप्पा रोज ऐकणाऱ्या आपल्या गावाला हा खेळ समजावून सांगायची गरज पडत नाही.

एका शनिवारी धाकट्याने प्रस्ताव मांडला की आज सगळ्यांना सारखे पैसे द्यायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या. एकाला पंधराशे, एकाला हजार, दोघांना पाचशे-पाचशे. पंधराशे त्यालाच आले. आजीला आणि मोठ्या मुलीला पाचशे. दोन फेऱ्यांत त्याने चांगल्या जागा घेऊन टाकल्या. मुलगी हुशार आहे, जपून खेळली, तरी तासाभरात दोघींच्या हातात काही उरले नाही. आजीने शेवटची नोट देताना म्हटले, “आमचं असंच व्हायचं. जागा घ्यायची म्हटली की हातात पैका नाही, आन् भाडं मात्र दर फेरीला द्यायचंच.” आणि मग ती बोलत राहिली. दुसऱ्याच्या खाचरात भातलावणीला जायची ते दिवस, मजुरीचे भात पदरात मोजून घ्यायचे ते, माझ्या वडिलांनी माझ्या परीक्षेच्या फीसाठी कोणाकडे हात पसरला ते. यातले निम्मे मलाही नवीन होते. मुले तर ऐकतच राहिली. धाकटा मात्र शेवटपर्यंत म्हणत होता की तो हुशारीने जिंकला. पंधराशे हातात घेऊन सुरुवात केली हे त्याच्या ध्यानातच राहिले नव्हते. त्याच्या बहिणीने त्याला ते त्या रात्री साडेअकरापर्यंत समजावले. आरक्षणावर वर्गात मुले टोमणे मारतात तेव्हा काय उत्तर द्यायचे, हे मी तिला कधी शिकवले नव्हते. त्या रात्री ती ते भावाला शिकवत होती.

घरातल्या पटावरून माणसे कुठवर जातात याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी एका घरातल्या. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धेत वासंती विजेत्या ठरल्या, आणि पुढची कित्येक वर्षे हे विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेले नाही. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत पोहोचले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही असे ठरले. अलीकडचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे एकोणीस वर्षांच्या या मुलीने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब मिळवला. मुलींनी ही नावे पाठ करावीत. पण पालकांना माझी विनंती आहे, घरात दिव्या तयार करायची म्हणून पट मांडू नका. दुसऱ्याच शनिवारी शिकवणी लावाल आणि तिसऱ्या शनिवारी मूल पळून जाईल.

भांडणे होतील. रडीचा डाव होईल, कोणी पट उधळेल. आमच्याकडे उधळला आहे. उधळणाऱ्याने तो पुन्हा मांडायचा, एवढीच शिक्षा. घरात एकमेकांशी अबोला धरलेली दोन माणसे असतील तर त्यांना जोडीदार करू नका, समोरासमोरही बसवू नका, शेजारी शेजारी बसवा. “तुझी पाळी” एवढे तरी म्हणावेच लागते. आपल्या भाषेत खेळीमेळी असा शब्द आहे, त्यात खेळ आधी येतो आणि मेळ नंतर.

एक शेवटचे. आपल्या आसपास कॉलेजसाठी बाहेरगावहून आलेली पुष्कळ मुले खोल्या घेऊन राहतात. विदर्भातली, मराठवाड्यातली, घर फार लांब. मघाचे पासबुक आठवा. एकट्या खोलीतला मोबाईल सर्वांत धोक्याचा. शनिवारी त्यांतल्या एका-दोघांना आपल्या घरी बोलवा. खिचडीत एक वाटी तांदूळ जास्त पडेल. आणि घरी मुले नसलेले, सून-मुलगा परगावी असलेले आजी-आजोबा आपल्या आळीत असतील, त्यांच्या घरी पट घेऊन जा. त्यांच्याकडे मुलांना देण्यासारखे खेळ आहेत आणि सांगण्यासारखे बरेच काही आहे.

ज्यांच्याकडे काहीच साहित्य नाही त्यांच्यासाठी संस्थेच्या वाचनालयात एक कपाट ठेवावे अशी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. दोन कॅरम बोर्ड, चार बुद्धिबळाचे संच, व्यापार, पत्त्यांचे जोड. पुस्तकासारखेच नोंदवहीत सही करून शनिवारी न्यायचे, सोमवारी परत करायचे. माझ्याकडचा जुना बोर्ड मी आज बरोबर आणला आहे, तो मागे भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याची एक काळी सोंगटी हरवलेली आहे, तिच्या जागी तूर्त शर्टाचे मोठे बटण चालते. पहिले नाव कोणी लिहायचे ते कार्यक्रम संपल्यावर ठरवू.